छोट्या वाचनालयाने 'लिंक्ड डेटा' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कार्डवाली_बाय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा विचारते. फोंडा तालुक्यात एका संस्थेचं वाचनालय सांभाळते. एकटीच आहे, मदतीला एक मुलगा अर्धा दिवस येतो. पुस्तकं साधारण साडेसात हजार, निम्म्याहून जास्त मराठी, मग कोंकणी, इंग्लिश, आणि एक कपाट जुन्या पोर्तुगीज पुस्तकांचं, जे कोणी उघडत नाही पण कमिटीला त्याचा फार अभिमान. तीन वर्षांपूर्वी कोहा (वाचनालयाचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं, एंट्री करायला कॉलेजची मुलं सुट्टीत बसवली होती, त्यामुळे ज्याला जसं सुचलं तसं टाईप झालंय.

तर आमचे सेक्रेटरी परवा कुठल्यातरी सेमिनारला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, बाय, आता सिमँटिक वेब करायचं, मेटाडेटा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, लिंक्ड पाहिजे, चवथीच्या आधी काय ते मला लिहून दे. मी हो म्हटलं आणि घरी येऊन नेटवर बघत बसले. आरडीएफ, आऊल, स्कॉस, बिबफ्रेम, स्पार्कल... रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटला. डब्लिन कोर, म्हणजे नोंदीचे ठरलेले रकाने, तेवढं एमलिबला होतं, पंधरा एलिमेंट पाठ केलेले, ते आयर्लंडच्या डब्लिनमध्ये झालं असं परीक्षेत लिहून आलेले, बाईंनी मार्क पण दिले होते.

मला प्रोग्रामिंग येत नाही. बजेट शून्य. यातलं माझ्यासारखीला करण्यासारखं काही आहे का, की सेक्रेटरींना गोड बोलून गप्प बसवू?

निवृत्त_डिचोलीकर

बाय, आधी त्या डब्लिनचं. ते अमेरिकेत ओहायोमधलं डब्लिन, ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेचं ऑफिस तिथे, १९९५ साली तिथे बैठक झाली म्हणून ते नाव. तुमच्या बाईंनी मार्क दिले ते ठेवून घ्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही जी नावं वाचून घाबरलात ती सगळी मी पण रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं ऐकली, रिफ्रेशर कोर्सला. स्लाईडवर गोल काढायचे आणि बाण काढायचे, आणि चहाला सगळे एकमेकांना विचारायचे, कळलं का काय. मला कळलं ते असं, की आपण कार्डाच्या ड्रॉवरमध्ये दोन प्रकारची जादा कार्डं घालायचो आठवतंय का? एक "पहा" आणि एक "हेही पहा". बाकीबाब, पहा: बोरकर, बा. भ. कवी बोरकरांना लोक बाकीबाब म्हणतात, वाचक बाकीबाबने आला तरी बोरकरांपाशी पोचला पाहिजे. लिंक्ड डेटा म्हणजे हेच "पहा" कार्ड, फक्त ते तुमच्या ड्रॉवरमधून उठून दुसऱ्याच्या ड्रॉवरकडे बोट दाखवतं. आणि माणसाने वाचून नाही, मशीनने वाचून.

आरडीएफ म्हणजे तीन शब्दांचं वाक्य. कोण, काय नातं, कोणाशी. "धर्मानंद कोसंबी, जन्मस्थान, साखवाळ." "दामोदर कोसंबी, वडील, धर्मानंद कोसंबी." अशी वाक्यं रचत गेलं की जाळं तयार होतं, तेच सिमँटिक वेब. अट एकच, वाक्यातल्या माणसाला नुसतं नाव चालत नाही, एक कायमचा पत्ता लागतो. नाव बदलतं, लिपी बदलते, स्पेलिंग बदलतं, पत्ता तोच राहतो. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे चार नियम लिहिले ते असेच आहेत, वस्तूला पत्ता द्या, तो वेबवर उघडणारा असू द्या, उघडल्यावर काहीतरी उपयोगाचं दिसू द्या, आणि तिथून दुसऱ्या पत्त्यांकडे जाता येऊ द्या. बस. बाकी सगळा पसारा त्याच्यावरचा.

आपल्या रंगनाथनांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण काढलं तेव्हा विषयाचे तुकडे करून जोडायची सवय आपल्या धंद्याला लावून दिली होती, त्यामुळे ग्रंथपालाला हे परकं वाटायचं कारण नाही. कम्प्युटरवाल्यांनी नवी नावं दिली एवढंच. (हे मी कोर्सला उभा राहून बोललो होतो, कोणी टाळ्या नाही वाजवल्या.)

रापणकार

सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण मी उलटं बोलणार. मी पण एका छोट्या लायब्ररीत आहे, किनाऱ्याकडे. आमच्याकडे पावसात आठवड्यातून तीनदा नेट जातं, पुस्तकांना बुरशी येते ती पुसायची, पेपर वाचायला येणारे आजोबा फॅन का बंद म्हणून भांडतात. ओपॅक, म्हणजे कम्प्युटरवरचा कॅटलॉग, उघडून बघणारा मेंबर मी गेल्या वर्षात मोजून चार पाहिले त्यात दोन मीच. ह्या परिस्थितीत कार्डवाली बायने आरडीएफ ट्रिपल, म्हणजे तीच तीन शब्दांची वाक्यं, बनवायचे?

आणि बिबफ्रेमचं तर बोलूच नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये जाहीर केलं की मार्कच्या जागी नवीन येतंय, मार्क म्हणजे कम्प्युटरवर पुस्तकाची नोंद लिहायचा साचा, हेन्रिएट अव्हरम यांनी साठच्या दशकात बांधलेला, म्हातारा झालाय वगैरे. आज एवढी वर्षं झाली, रेकॉर्ड द्यायला घ्यायला जग मार्कच वापरतंय. मोठ्या लोकांचं होऊ दे आधी. सेक्रेटरींना सांगा कोहा अपडेट केलं, खूश होतील.

निवृत्त_डिचोलीकर

रापणकार, बिबफ्रेमबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. छोट्या वाचनालयाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण "पहा" कार्ड घालायला नेट लागत नव्हतं आणि आळस हे त्याचं कारण पण नव्हतं. तुमच्या मेंबराने बाकीबाब मागितला आणि मशीनने "नो रिझल्ट" दाखवलं तर तो ओपॅक कशाला बघेल परत?

नुक्ताचीनी

मधे पडतो. मी लायब्ररीवाला नाही, डेटा साफ करायचं काम करतो, पण दोन वाचनालयांना कोहामध्ये मदत केलीय, त्यामुळे कुठे माती असते ते माहीत आहे.

कार्डवाली बाय, सिमँटिक वेब हा शब्द विसरा थोडा वेळ. तुमचं काम एकच, ऑथॉरिटी. म्हणजे प्रत्येक लेखकाचा एकच रेकॉर्ड, आणि त्या रेकॉर्डात बाहेरच्या जगातला त्याचा नंबर. डिचोलीकर सरांचं "पहा" कार्ड म्हणजे ऑथॉरिटी रेकॉर्डातलं ४०० फील्ड (मार्कमध्ये प्रत्येक खान्याला असा नंबर असतो), "हेही पहा" म्हणजे ५००. आणि बाहेरचा नंबर जातो ०२४ मध्ये, पहिला इंडिकेटर (खान्याच्या सुरुवातीचा खुणेचा आकडा) ७, डॉलर ए या उपखान्यात विकिडेटाचा, म्हणजे वेबवरच्या खुल्या माहितीकोशाचा, क्यूने सुरू होणारा आकडा, डॉलर दोन मध्ये लिहायचं विकिडेटा. व्हीआयएएफचा, म्हणजे ग्रंथालयांच्या जागतिक लेखक-यादीतला, नंबर मिळाला तर अजून एक ०२४. झालं लिंक्ड. ऐकायला फार छोटं वाटतं पण खरं सांगतो, एकदा हा नंबर बसला की बाकी सगळं मागाहून मशीन करू शकतं, आणि हा नंबर नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा ते तुमच्या बोरकरला दुसऱ्या कुठल्यातरी बोरकरला चिकटवणार.

विकिडेटा का, तर २०१२ पासून चालू आहे, फुकट आहे, डेटा सीसी-झिरोवर म्हणजे कोणाची परवानगी मागायची नाही, आणि सर्वात महत्त्वाचं, एखादा गोमंतकीय लेखक तिथे नसला तर तुम्ही स्वतः घालू शकता. संदर्भ मात्र द्यायचा, नाहीतर कोणीतरी उडवतं. व्हीआयएएफमध्ये तसं नाही, तिथे मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या याद्यांमधून येतं. पण विकिडेटात व्हीआयएएफ नंबर ठेवायची जागा आहे, पी २१४, त्यामुळे एक मिळाला की बऱ्याचदा दुसरा मिळतो.

कसं करायचं. कोहामध्ये रिपोर्टमधून बिब्लियो नंबर (नोंदीचा नंबर), लेखक, शीर्षक एवढे तीनच कॉलम काढा, सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाईल. ओपनरिफाईन हे डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर डाऊनलोड करा, फुकट आहे, ब्राउजरमध्ये उघडतं पण तुमच्याच मशीनवर चालतं, म्हणजे रापणकारांचं नेट गेलं तरी साफसफाई चालू राहते. लेखकाच्या कॉलमवर टेक्स्ट फॅसेट लावा, म्हणजे प्रत्येक वेगळं नाव आणि ते किती वेळा आलंय याची यादी येते. फक्त तेवढं केलं तरी डोळे उघडतील. मग क्लस्टर, म्हणजे सारखी दिसणारी नावं गटात आणणं. इथे सावध, त्यातल्या फोनेटिक पद्धती इंग्लिश, जर्मनसाठी केलेल्या आहेत, देवनागरीला काही कामाच्या नाहीत. नियरेस्ट नेबर घ्या, लेव्हनश्टाइन (दोन नावांत किती अक्षरांचा फरक ते मोजतं), आणि अंतर १ किंवा २. देवनागरीत एक काना चुकला की १ झालंच. मिळालेले गट डोळ्यांनी बघूनच मर्ज करा, सिलेक्ट ऑल मारू नका, प्लीज.

आणि एक खास आपल्या मराठीचं दुखणं. "किनाऱ्यावर" मधला तो अर्धा र, ज्याला आपण शाळेत चंद्रकोरीसारखा र म्हणायचो, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने टाईप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्याच्यामागे एक न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखे. सर्चला मात्र ते दोन वेगळे शब्द. तुमच्या मुलांनी फोनवरून टाईप केलेलं असेल तर एक निघेल, ऑफिसच्या कीबोर्डवरून असेल तर दुसरं. ओपनरिफाईनमध्ये रिप्लेस मारून सगळे एकच करा. मी एका ठिकाणी हे केलं तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, हे पुस्तक हरवलं म्हणून आम्ही राइट ऑफ केलं होतं. कपाटात होतं.

साफ झालं की रिकन्साइल, म्हणजे आपली नावं विकिडेटाशी जुळवून बघायची. पहिल्या फटक्यात निम्मे पण जुळणार नाहीत, मराठी लेबलं सगळ्यांना नसतात, रोमन स्पेलिंगचा एक कॉलम बाजूला केला तर जास्त जुळतात. कोहात परत घालायच्या आधी बॅकअप. बॅकअप. बॅकअप.

साडेसात हजार पुस्तकं बघून घाबरू नका. लेखक त्याहून खूप कमी असतात, आणि गोव्याचे तर अजून कमी. गोव्याचेच घ्या. बाकीच्यांचं काम जगात दुसरा कोणीतरी करतोच आहे, गोव्याच्यांचं तुम्ही नाही केलं तर कोणी करत नाही.

कार्डवाली_बाय

देव बरें करो सगळ्यांचं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसले आणि उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. सांगते काय झालं ते.

टेक्स्ट फॅसेट लावला. बा. भ. बोरकर आमच्याकडे नऊ माणसं आहेत. बोरकर बा. भ., बोरकर बा.भ. मधे स्पेस नसलेले, बाळकृष्ण भगवंत बोरकर, बोरकर बाळकृष्ण, बाकीबाब बोरकर, बाकिबाब पहिली वेलांटी, रोमनमध्ये दोन, आणि एका मुलाने "कवी बोरकर" असं टाकलंय. ते ठीक, मर्ज केले.

पण कोसंबींचं बघा. "कोसंबी, डी." नावाखाली अकरा पुस्तकं. मला वाटलं धर्मानंद. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र आहे, बुद्धावरची आहेत, बरोबर. आणि त्याच यादीत इंग्लिशमधलं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचं ते जाड पुस्तक, प्रकाशन १९५६. आता धर्मानंद गेले १९४७ ला. म्हणजे आमच्या कॅटलॉगप्रमाणे त्यांनी जाऊन नऊ वर्षांनी इंग्लिशमध्ये पुस्तक लिहिलं. डी. म्हणजे धर्मानंद पण आणि डी. म्हणजे दामोदर पण, बाप लेक एका कार्डावर. तीन वर्षं मी रोज तो कॅटलॉग बघते आणि मला दिसलं नव्हतं. वर एक मीरा कोसंबींचं पुस्तक पण त्यातच घातलेलं, तिथे तर डी. पण नाही!

दोघांना वेगवेगळे ऑथॉरिटी रेकॉर्ड केले, जन्म-मृत्यूची सालं घातली, १८७६-१९४७ आणि १९०७-१९६६, ०२४ मध्ये क्यू नंबर घातले. आणि सरांनी सांगितलेलं वडील-मुलगा नातं ५०० मध्ये "हेही पहा" म्हणून. मीराबाईंना वेगळं केलं, आजोबांकडे बाण. ते करताना मला खरंच बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

आता दोन प्रश्न उरले. एक, विषय. आमच्याकडे "कोमुनिदाद", "गांवकारी", "ग्रामसंस्था" असे तीन वेगळे विषय टाकलेत, पुस्तकं एकाच गोष्टीची, गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेची. ते पण असंच का? दोन, ते पोर्तुगीज कपाट. त्यातली सगळी पोर्तुगीज नाहीत असा मला संशय आहे.

नुक्ताचीनी

हे बेस्ट झालं. बघा, सालं घातल्यावर १९४७ आणि १९५६ चा घोळ माणसाला दिसला, मशीनला पण दिसेल. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेली पुस्तकं असतात, त्यामुळे मशीनने निर्णय घ्यायचा नाही, पण "हे जरा बघा" म्हणून यादी काढून देऊ शकतं. सिमँटिक वेबचा उपयोग काय म्हणून सेक्रेटरी विचारतील तर हीच गोष्ट सांगा, गोल आणि बाण नको.

विषयांचं उत्तर स्कॉस. नाव ऐकून घाबरू नका, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००९ ला पक्कं केलेलं, आणि ग्रंथपालाचा थिसॉरसच आहे तो. एक संकल्पना, तिला एक पत्ता. तिला एका भाषेत एक मुख्य लेबल, आणि पर्यायी लेबलं हवी तेवढी. मराठीत मुख्य गांवकारी ठेवा, पर्यायी ग्रामसंस्था, पोर्तुगीज मुख्य लेबल कोमुनिदाद. कोणीही कुठल्याही शब्दाने येऊ दे, पोचतो एकाच ठिकाणी. मग वरचा-खालचा आणि संबंधित. खाजन (खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली जमीन) शेतीच्या वर शेती, खाजनला संबंधित मानस, म्हणजे ते पाणी अडवायचं दार. एक्सेलमध्ये पन्नास ओळींची यादी करा आधी. कुळागर, खाजन, धालो, जागर, तियात्र, हे शब्द दुसऱ्या कोणाच्या यादीत आपल्या अर्थाने मिळतील म्हणून वाट बघू नका.

मळ्यावयलो

बाय, तुमचा संशय बरोबर असणार. मी असंच एक कपाट लावलंय पणजीत. रोमन लिपी दिसली की एंट्री करणारा पोर्तुगीज टाकतो, आणि आत बघितलं तर कोंकणी. आणि कोंकणी टाकलेलं असेल तर आत बघा, कधीकधी ते मराठी निघतं.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या नाकासमोर आहे. क्रिस्तपुराण. १६१६ ला राशोलला छापलं, रोमन लिपीत, लिहिणारा इंग्लंडचा जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आलेला, आणि भाषा मराठी. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती पण रोमनमध्येच आहे. आता हे मी तीन वेगवेगळ्या याद्यांमध्ये तीन वेगवेगळ्या भाषांखाली बघितलंय. आणि लेखक बघा, थॉमस स्टीफन्स, थॉमस स्टीव्हन्स, तोमास इश्तेव्हांव, फादर स्टीफन्स, काही ठिकाणी नुसतं "पाद्री". ४०० फील्डं घालता घालता हात दुखतील.

भाषा आणि लिपी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या जागी लिहा. मार्कमध्ये ००८ मध्ये भाषेचा कोड, मराठीला एम-ए-आर, कोंकणीला के-ओ-के. लिपी ५४६ च्या डॉलर बी मध्ये, रोमन म्हणून. वेबवर टॅग लावायचा झाला तर भाषेमागे लिपी जोडतात, मराठी-लॅटिन, एमआर डॅश एल-ए-टी-एन असं. कोंकणीत तर जास्तच गरज, एकच भाषा देवनागरीत, रोमनमध्ये, कन्नडमध्ये लिहितात, आणि गोव्याच्या कोंकणीला वेगळा तीन अक्षरी कोड पण आहे, जी-ओ-एम. म्हाताऱ्या वाचकाला रोमीच वाचता येते, त्याच्या नातीला देवनागरीच. दोघंही "कोंकणी" म्हणून शोधतात आणि दोघांनाही निम्मं नको असलेलं मिळतं.

कपाट उघडताना मास्क लावा. मी नाही लावला, आठवडाभर शिंकत होतो.

रापणकार

बरं बाबा, मी हरलो. आज दुपारी नेट होतं, मी पण फॅसेट लावून बघितला. आमच्याकडे कोंकणी लेखक शणै गोंयबाब चौदा माणसं आहेत. वामन रघुनाथ शेणवी वर्दे वालावलीकर, वालावलीकर वा. र., वर्दे वालावलीकर, शेणै, शणै, शेणय... एका ठिकाणी "गोंयबाब" आडनाव आणि "शणै" नाव म्हणून तोडलंय. मुख्य हेडिंग कुठलं ठेवायचं? खरं नाव की टोपण?

निवृत्त_डिचोलीकर

ज्या नावाने पुस्तकांवर छापलंय आणि ज्या नावाने तुमच्या काउंटरवर माणूस येऊन मागतो ते. शणै गोंयबाब १०० मध्ये, म्हणजे मुख्य नावाच्या खान्यात, बाकी तेरा ४०० मध्ये. आणि १८७७-१९४६ घालायला विसरू नका. आजोबांचा फॅन चालू केला का?

रापणकार

फॅन जळलाय. कमिटीला लेटर दिलंय.

कार्डवाली_बाय

सेक्रेटरींना दीड पान लिहून दिलं. आरडीएफ शब्द एकदाच घातला, सुरुवातीला, म्हणजे त्यांना बरं वाटेल. बाकी कोसंबींची गोष्ट आणि गोव्याच्या लेखकांची यादी, सध्या त्रेसष्ट झालेत, त्यातल्या एकवीस जणांचा विकिडेटावर पत्ताच नाही. त्यांनी वाचलं आणि विचारलं, ह्यात माझ्या काकांचं नाव आहे का, त्यांचे दोन काव्यसंग्रह आहेत आपल्याकडे. नव्हतं. म्हणजे आता बावीस.